स्पॅनिशला लई स्कोप आहे

शिरूरच्या एसटी स्टँडवर ‘स्कोप’ या शब्दाला एकच अर्थ आहे. ज्यानं पोराला नोकरी लागते तो स्कोप. कॉम्प्युटरला स्कोप आहे, नर्सिंगला स्कोप आहे, दुधाला कायमच स्कोप आहे. रांजणगावला एमआयडीसी झाली, कोरियन आले, अमेरिकन आले, इटालियन आले, तेव्हा टपरीवरच्या मंडळींनी एकमतानं ठरवलं की आता परदेशी भाषेला स्कोप आहे. तो स्कोप घ्यायला गावातलं एकही शहाणं माणूस पुढं आलं नाही. मी गेलो.

जर्मनला गर्दी फार होती आणि जपानीला अक्षरं फार. राहता राहिली स्पॅनिश. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग होते. मी वाणिज्य शाखेचा, वयानं वर्गातल्या पोरापोरींच्या काकासारखा. शिरूर ते शिवाजीनगर एसटी, आणि खिडकीशी वही. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये क्रियापदं पाठ व्हायची. मी स्पॅनिश शिकलो याचं निम्मं श्रेय वाघोलीला आहे.

पहिल्याच आठवड्यात माझा घात झाला, कारण मला ती भाषा सोपी वाटली. ‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, आणि स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. बटाटा तिथलाच. गवंड्याच्या डोक्यावरचं घमेलंसुद्धा पोर्तुगीज ‘गामेला’. मला वाटलं, ही तर आपलीच पाहुणी! शिक्षिकेनं दिलेले तक्ते बाजूला ठेवून मी स्वतःची पद्धत काढली. जो शब्द येईल त्याला कानाला जवळचा मराठी शब्द शोधायचा आणि त्याच्या दावणीला बांधून टाकायचा. ‘कासा’ म्हणजे घर, ‘सोपा’ म्हणजे सूप. घराच्या सोप्यात बसून सूप प्यायचं, झाले दोन शब्द पाठ. परीक्षेत मार्क पडले आणि पद्धत पक्की झाली.

याच पद्धतीनं मी ‘आकोतार’ शिकलो.

आकोतार म्हणजे हद्द घालणं, विषय आटोक्यात आणणं, पसारा आवरणं. त्याच्या पोटात मला दिसला तो शब्द ‘कोता’. आता मराठी माणसाला ‘कोता’ शिकवायला लागतो का? कोतं मन, कोती नजर, कोत्या बुद्धीचा. कोतं करणं म्हणजे आकोतार! इतकी चपखल जोडी मला आयुष्यात दुसरी सापडली नव्हती. आपला कोता फारसीतून आला, ‘कोताह’ म्हणजे आखूड. त्यांचा कोता लॅटिनच्या ‘क्वोता’तून आला. दोघांची ओळखदेख नाही. पण ही चौकशी मी फार पुढं केली, करायला लागली म्हणून.

मधल्या काळात मी शिरूरमध्ये पाटी लावली होती. ‘येथे स्पॅनिश-इंग्रजी भाषांतर करून मिळेल. करार, यंत्रांची माहितीपत्रके, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका.’ लग्नपत्रिका कुणी स्पॅनिशमध्ये छापत नाही हे मला माहीत होतं, पण पाटीवर जागा उरली होती. बायको म्हणाली, “जेवढं येतं तेवढंच लिहा की.” मी म्हणालो, धंद्यात हात आखडता घेऊन चालत नाही.

पाटीला पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते एमआयडीसीतला एक कारखाना. नाव सांगत नाही, कारण बिचाऱ्यांचा काही दोष नाही. त्यांनी उत्तर स्पेनमधून, बास्क भागातून, एक अजस्र प्रेस मागवली होती. मशीनबरोबर कागद आले. करार इंग्रजीत करायचा ठरला होता, पण तांत्रिक परिशिष्टं स्पॅनिशमध्येच होती आणि ती माझ्या टेबलावर आली. त्यांत पानोपानी आकोतार. आकोतारचा भाऊ देलिमितार, चुलता सिरकुन्स्क्रिबिर, थोरली जाऊ रेस्त्रिन्हिर. सगळं खानदान हद्दी घालणारं.

त्या खानदानात ‘थेन्यीर’ नावाचं एक क्रियापद होतं. शब्दशः अर्थ कंबरेला पट्टा आवळणं. स्पॅनिश माणूस ‘विषयाला थेन्यीर’ करतो म्हणजे विषय सोडून बोलत नाही. आपण कंबर कसतो ती बरोबर उलट्या कामासाठी. मराठी माणसानं कंबर कसली की तो गावजेवण तरी घालतो नाहीतर निवडणुकीला उभा राहतो. परिशिष्टातल्या अशाच एका वाक्याचं मी ‘पुरवठादार फक्त मान्य कामासाठी कंबर कसेल’ असं इंग्रजी केलं होतं. ते वाचून कारखान्यात सगळ्यांना बरं वाटलं. एवढा उत्साही पुरवठादार त्यांना आधी कधी मिळाला नव्हता.

खरा गोंधळ पायाच्या कलमात झाला. मूळ वाक्य साधं होतं. ग्राहकानं पायाचे ‘प्लानोस आकोतादोस’ मशीन येण्याआधी पाठवावेत. प्लानोस म्हणजे नकाशे, यात वाद नाही. आकोतादोस म्हणजे? कोते केलेले! मर्यादित! मी ऐटीत इंग्रजी केलं: रिस्ट्रिक्टेड ड्रॉइंग्ज.

कंपनीच्या माणसाला ‘रिस्ट्रिक्टेड’ हा शब्द दाखवणं फार जोखमीचं असतं. नकाशांवर लाल शिक्का बसला. पीडीएफला पासवर्ड लागला. पासवर्ड फक्त मोठ्या साहेबांना माहीत, आणि मोठे साहेब चेन्नईला. कागदी प्रत स्टोअरच्या लोखंडी कपाटात गेली. एवढं गुप्त काम आपल्या हातून चाललंय म्हणून ड्रॉइंग काढणाऱ्या पोरानं स्वतःच्या बुद्धीनं आणखी एक पाऊल टाकलं. रिस्ट्रिक्टेड म्हटल्यावर आकडे बाहेर जायला नकोत, म्हणून त्यानं नकाशावरची सगळी मापं पुसून टाकली आणि नुसत्या रेघा स्पेनला पाठवल्या.

पाया खणणारा काँट्रॅक्टर न्हावऱ्याचा होता. तो माझ्याकडे आला. “काय ओ सर, नकाशा मागितला तर कपाट दाखवत्यात. मी खड्डा किती घेऊ?” मी म्हणालो, करारातच तसं आहे, स्पॅनिश लोक गुप्ततेच्या बाबतीत फार कडक. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, फक्कीची पिशवी उचलली आणि साइटवर अंदाजानं चुन्याची चौकट आखली. त्याचा अंदाज चांगला होता. त्यानं आजवर बांधलेल्या विहिरींना कुणी नावं ठेवली नव्हती.

मग स्पेनहून इंजिनियर आले. उंच, शांत, दाढी पांढरी. कारखान्यात सगळे त्यांना ‘पाव्हणं’ म्हणायला लागले आणि तेही त्या हाकेला ओ द्यायला लागले. पाव्हण्यांनी पासवर्ड लावून नकाशा उघडला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि मला विचारलं, “ई लास कोतास?” आणि कोता कुठं आहेत?

मला प्रश्न कळेना. कोते कुठं आहेत म्हणजे? कोत्या मनाची माणसं कुठं नसतात! मी तसं काहीतरी बोललोही असेन. पाव्हण्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावर एक चौकोन काढला, त्याच्या बाजूला बाणाची रेघ मारली आणि रेघेवर लिहिलं: ३५००. मग त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “कोता.”

नकाशाच्या भाषेत कोता म्हणजे माप. आकोतार म्हणजे नकाशावर मापं टाकणं. प्लानोस आकोतादोस म्हणजे मापं घातलेले नकाशे. ज्या शब्दानं स्पॅनिश माणूस मापं मागत होता, त्याच शब्दानं मी ती पुसायला लावली होती.

त्या रात्री शब्दकोश घेऊन बसलो. ‘कोता’ म्हणजे माप. ‘कोता’ म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. गणितात ‘कोता’ म्हणजे सीमा. आणखी एक ‘कोता’ निघाला, त्याचा अर्थ चिलखत, आणि तो आला फ्रेंचातून. ‘कोता’ नव्हे तर ‘कोतो’ म्हणजे राखीव रान, जिथं परक्यानं शिकार करायची नाही. आकोतार म्हणजे हद्द घालणं, नकाशावर मापं टाकणं, नाटकाच्या संहितेत कंसात सूचना लिहिणं. लॅटिन अमेरिकेतल्या बातम्यांत मंत्री ‘आकोतो’ करतो तेव्हा तो काहीही कमी करत नसतो, बोलण्यात आणखी एक वाक्य वाढवत असतो. मंत्री तिकडचेही तसेच. मोल्सवर्थ साहेबानं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यात एकेका शब्दाचे अर्थ ओळीनं लावलेले दिसतात. ते पाहून मला वाटायचं, एवढे कशाला, एक पुरे की. माझी सगळी पद्धतच ‘एक पुरे की’ या पायावर उभी होती, आणि त्या पायालाही मापं नव्हती.

पण माणूस एका चुकीनं शहाणा होतो ही अफवा आहे. मी एका चुकीवरून उडी मारून तिच्या बरोबर समोर असलेल्या चुकीवर जाऊन बसलो. आकोतार म्हणजे मापं टाकणं, हे आता मी हाडीमासी घट्ट धरलं.

सुरक्षिततेच्या परिशिष्टात वाक्य होतं: मशीन उतरवण्याआधी ती जागा ‘आकोतार’ करावी. मी लिहिलं: उतरवण्याआधी जागेची मापं घेऊन नोंदवावीत.

मशीन यायला उशीर झाला, त्यातही माझा वाटा होता. पोचवण्याच्या पत्त्यात मी नुसतं ‘रांजणगाव, तालुका शिरूर’ लिहिलं होतं. आमच्या तालुक्यात दोन रांजणगावं आहेत. एक महागणपतीचं, अष्टविनायकातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं. दुसरं रांजणगाव सांडस, जिथं मुळामुठा भीमेला मिळते. तिथं ऊस आहे, नदी आहे, एमआयडीसी नाही. न्हावा-शेव्याहून निघालेला ट्रेलर मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून संगमाच्या दिशेनं गेला, आणि उसाच्या गाड्यांच्या रांगेत स्पॅनिश प्रेस रात्रभर उभी राहिली. सकाळी दोन उसाचे ट्रॅक्टर मागं घेऊन तिला वळवावं लागलं.

तर मशीन आली. हायड्रा क्रेन आली. हायड्राबरोबर खलाशी आले, बेल्ट आले, शॅकल आले. माझ्या भाषांतराप्रमाणे कारखान्याची माणसं टेप घेऊन आत उतरली. एक जण टेपचं टोक धरून, एक ओढून, एक वहीत लिहून घ्यायला आणि सुपरवायझर हे सगळं बरोबर चाललंय का ते पाहायला. खडूनं जमिनीवर आकडे पडले. हायड्रानं क्रेट उचलला तरी मोजणं चालूच होतं, कारण कर्ण राहिला होता.

पाव्हणे ऑफिसातून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. त्यांना दिसायला हवी होती लाल-पांढरी पट्टी, दोरी, आत माणूस नाही. सुरक्षिततेत आकोतार म्हणजे जागेला अडसर घालून माणसांना बाहेर ठेवणं. दिसलं ते हे की लोंबकळत्या क्रेटखाली अर्धा कारखाना टेप धरून उभा आहे. ते दोन्ही हात हलवत ओरडले, “फुएरा! फुएरा!”

फुएरा म्हणजे बाहेर. पण हायड्रावाला माझ्याच मातीतला, त्याचा कान माझ्याच पद्धतीनं चालणारा. त्याला ऐकू आलं, “फिरा! फिरा!” त्यानं तत्परतेनं हायड्राचं तोंड फिरवलं. क्रेट सावकाश, डौलात, गर्दीच्या डोक्यावरून निघाला. त्यानंतर खलाशांनी जी शिवी हासडली तिला कोणत्याही भाषांतराची गरज पडली नाही. माणसं चारी दिशांना पांगली, टेप सपकन गुंडाळला गेला आणि क्रेट मॅनेजर साहेबांच्या गाडीच्या आरशाला हलकेच लागून थांबला. आरसा गेला. बाकी सगळे शाबूत. मी त्या वेळी कुठं होतो? वहीत लिहून घेणारा मीच होतो.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी न्हावऱ्याचा काँट्रॅक्टर सहज म्हणाला, “सर, आमच्या पलीकडं केडगावला एका बाईनं अख्खं बायबल मराठीत आणलंय म्हणं.” तो पंडिता रमाबाईंबद्दल बोलत होता. दौंड तालुक्यातलं केडगाव. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये बसून या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आपल्या बायांना सहज कळेल अशा मराठीत मूळ भाषेतून सगळं बायबल उतरवायचं म्हणून शिकल्या. छापखाना तिथलाच, खिळे जुळवणाऱ्या मिशनमधल्याच बायका. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, त्याआधी काम हातावेगळं झालं होतं. काँट्रॅक्टरनं चहाचा शेवटचा घोट घेतला. “आन् तुमचं एका शब्दावर अडलंय व्हय?” शटलनं दौंडला जाताना केडगाव स्टेशन लागतं. त्यानंतर बरेच दिवस ते आलं की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. तो कारखान्याच्या बाहेर घडला, त्यामुळे त्याचं बिल कुणाला लावता आलं नाही.

आमची वडिलोपार्जित जमीन भीमेच्या पलीकडे, दौंडच्या हद्दीत. राहायचं शिरूरला, सातबारा दौंडला, मधे नदी. चुलतभावाशी बांधावरून जुनं भांडण. आमच्या दोघांच्या शेतांमधे हद्दीचा एक दगड आहे. तो सरकतो. पावसाळ्याआधी एका जागी असतो, पेरणीनंतर दुसऱ्या. शेवटी मी मोजणीचा अर्ज टाकला होता, फी भरली होती आणि भूकरमापक यायची तारीख लागली होती. त्याच्या आधीच्या रविवारी पाव्हण्यांना गुऱ्हाळ दाखवायचं निमित्त काढून मी गावाकडं घेऊन निघालो. आरशाचं प्रकरण जरा निवावं, हा हेतू.

न्हावरा मागं टाकून भीमेच्या पुलावर आलो. मी त्यांना भूगोल सांगत होतो: हा शिरूर, तो दौंड, पुढं दौंडला मोठं जंक्शन, तिथून एक फाटा मनमाडला जातो. मनमाड म्हटल्यावर पाव्हणे ताठ बसले. “मानमाद! विथेन्ते फेरेर!” मला नाव माहीत नव्हतं. मग बार्सिलोनाच्या या माणसाची गोष्ट मला एका स्पॅनिश माणसानं भीमेच्या पुलावर सांगितली. १९५२ साली तरुण जेझुइट म्हणून फेरेर भारतात आले, मनमाडच्या दुष्काळी भागात शेतकऱ्यांबरोबर विहिरी खणण्यात रमले. सरकारला ते खुपलं, १९६८ मध्ये त्यांना देश सोडायला सांगितलं. तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी मुंबईकडे चालत निघाले. पुढं ते आंध्रात अनंतपूरला गेले आणि २००९ मध्ये वारेपर्यंत तिथंच राहिले. दौंड-मनमाड लाइन १८७८ पासून आमच्या दारात आहे, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते मला बास्क देशाकडून कळलं.

गुऱ्हाळ छान झालं. चुलवणात चिपाडं धडधडत होती, काहिलीतल्या रसावर मळी तरंगून आली होती आणि गुळव्या ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढत होता. रस दाट झाला तसा त्यानं थेंबभर पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून पाहिली, मान हलवली आणि चार जणांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. पाव्हण्यांनी गरम काकवीला बोट लावलं आणि त्यांना भाजलं. तरी दुसरं बोट लावलं. त्यांचा मूड पाहून मला धीर आला आणि मी त्यांना बांधावर नेलं. स्पॅनिशमधलं माझं दुसरं रत्न बाहेर काढायची हीच वेळ होती.

ते रत्न म्हणजे ‘मोहोन’. रोमन लिपीत हा शब्द वाचला तर आपल्याला ‘मोजोन’ दिसतो. मोजोन, मोजणी! मोहोन म्हणजे हद्दीचा दगड, आणि हद्दीवर असे दगड बसवण्याच्या सरकारी कामाला ते ‘आमोहोनामिएन्तो’ म्हणतात. मोजणीचा दगड तो मोहोन. ही जोडी मी किती जपली होती! आणि अर्थ खरा होता. शब्दकोशात पहिला अर्थ तोच. आधी तर आमच्या भागाची मोठी परंपराच मी त्यांना ऐकवली. प्रिंगल साहेबाची जमीन आकारणी फसली, लोक जमिनी सोडून गेले. मग १८३६ साली दौंडशेजारच्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आकारणी नव्यानं बसवली आणि तीच पद्धत पुढं मुंबई इलाख्यात पसरली. पाव्हणे कौतुकानं ऐकत होते. मग मी घरगुती विषयावर आलो.

मी स्पॅनिशमध्ये म्हणालो, “माझा चुलतभाऊ दरवर्षी रात्री येतो आणि त्याचा मोहोन माझ्या शेतात ठेवतो.”

पाव्हणे थांबले. “रात्री?”

“दिवसा लोक बघतात ना.”

“मग तुम्ही काय करता?”

“सकाळी उठून मी तो माझ्या हातानं उचलतो आणि परत त्याच्या शेतात नेऊन ठेवतो.”

“कोन लास मानोस?” हातांनी?

“हो. फार जड असतो. मोठा आहे ना. कधी कधी बायकोला एका बाजूनं धरायला सांगतो.”

पाव्हण्यांच्या चेहऱ्यावर करुणा, भीती आणि आणखी काहीतरी आलं. त्यांनी अतिशय हळू आवाजात विचारलं की गावात संडासाची सोय नाही का. मी दुखावून सांगितलं, आमचं गाव हागणदारीमुक्त आहे, वेशीवर बोर्ड आहे. पण याचा इथं काय संबंध? “पेशवाईपासून आमच्या घराण्यात मोहोनवरून भांडणं आहेत. आजोबा तर त्यापायी कोर्टात गेले होते. येत्या मंगळवारी सरकारी माणूस येऊन मोजणार आहे.”

“मोजणार आहे?” एवढं म्हणून पाव्हणे बांधावर बसले. खांदे हलत होते. मला वाटलं काकवी बाधली. डोळे पुसत त्यांनी मोबाइल काढला आणि त्यातलं ते हसऱ्या डोळ्यांचं, तपकिरी, वळीवळीचं, टोकदार चित्र माझ्यापुढं धरलं. मग त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले, “मोहोन.”

बोलीभाषेत मोहोनचा अर्थ तो. शब्दकोशातही आहे, खाली, जिथपर्यंत मी कधी उतरलो नव्हतो.

चुलतभाऊ पलीकडं पाण्याचं दारं मोडत होता. तो ओरडला, “दादा, पाव्हणं रडत्यात का? काय बोललास त्यांना?” मी म्हणालो, “तुझंच सांगत होतो.” “माझं?” तो फावडं टाकून बांधावर आला, पाव्हण्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाला, “लोकाला आपली उणीदुणी कशाला सांगतोस रे?” पाव्हण्यांनी उठून त्याचा हात हातात घेतला. मग बहुधा काही आठवलं म्हणून लगेच सोडला.

ते स्पेनला परतले. प्रेस चालू झाली. न्हावऱ्याच्या काँट्रॅक्टरचा खड्डा बोटभरसुद्धा चुकला नव्हता, एवढं इथं नोंदवून ठेवतो. कारखान्याकडून मला पुढच्या वर्षासाठी नवी वर्कऑर्डर आली. तिच्यात ‘भाषांतरकाराच्या कामाचा आवाका’ असं कलम होतं, बहुधा पाव्हण्यांच्या सल्ल्यानं घातलेलं. त्यानुसार मी यंत्राच्या सुट्या भागांच्या याद्या, तारखा आणि ‘सप्रेम नमस्कार’ या मजकुराचं भाषांतर करायचं. ‘आकोतार’ आणि त्या कुळातला कोणताही शब्द दिसल्यास तिथं रिकामी जागा सोडून मूळ शब्द पाठवायचा. ते कलम इतकं नेमकं, इतकं बांधेसूद लिहिलं होतं की मी ते स्पॅनिश वर्गातल्या पोरांना नमुना म्हणून दाखवतो. बायकोनं ते वाचलं आणि बाहेरच्या पाटीवरचं ‘लग्नपत्रिका’ ओल्या फडक्यानं पुसायला लागली. पुसलं जाईना, ऑइल पेंट होता.

मंगळवारी मोजणी झाली. भूकरमापकाकडे काठीला लावलेलं नवं यंत्र होतं, रोव्हर; साखळी ओढायचे दिवस गेले. माझा चुलतभाऊ एका बाजूला, मी एका बाजूला, लगतचे शेतकरी पंच म्हणून निंबाखाली. मी मनातल्या मनात महसूल संहितेतली हद्दीच्या खुणा बिघडवणाऱ्याच्या दंडाची कलमं जुळवून ठेवली होती. भूकरमापकांनी जुना नकाशा लावला, इकडं तिकडं फिरले, चार ठिकाणी खुणा रोवल्या आणि मग त्या खुणांवरून दोरी ताणली. दोरी दगडापाशी आलीच नाही. ती आमच्या बाजूनं, माझ्या ज्वारीतून, सरळ पुढं गेली. दगड चुलतभावाच्या शेतात उभा होता आणि दगडामागं आमची नांगरट. भाऊ तो रात्री उचलून त्याच्या खऱ्या जागेवर आणून ठेवायचा आणि मी सकाळी तो उचलून त्याच्या शेतात आत ढकलायचो. बायकोला एका बाजूनं धरायला लावून.

पंचांनी माझ्याकडं पाहिलं नाही, ज्वारीकडं पाहिलं. भाऊ म्हणाला, “राहू दे दादा, ह्या वर्षी पीक काढून घे.” मी जबाबावर सही केली.

रात्री स्पेनहून मेसेज आला. पाव्हण्यांना उत्सुकता होती: सरकारी माणूस आला का, मोजलं का, आणि शेवटी तो मोहोन कुणाचा निघाला? या वेळी मला दोन्ही अर्थ माहीत होते, शब्दकोश जवळच होता आणि उत्तर इतकं छोटं होतं की चुकायची सोय नव्हती. मी लिहिलं, “एस मीओ.” माझाच.